एकतीस की त्रेचाळीस

जालना, मंगळवार

ती. आबा,

अक्षताचा सविनय जयभीम. आजीला वेगळा जयभीम. (मागच्या पत्रात तुम्हा दोघांना मिळून एकच लिहिला होता, तर आजीने फोनवर विचारलं की माझ्या वाट्याचा कुठं गेला. तेव्हापासून मी मोजून लिहिते.) तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी तुम्ही घेता, की घेतली असं आजीला सांगता, हे कृपया खरं कळवावं. इकडे आम्ही तिघं ठीक आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण तो थंडीत दुखतोच. पप्पा कारखान्यात काट्यावरच आहेत. दिवसभर लोखंडाचे ट्रक मोजतात आणि संध्याकाळी घरी येऊन भाजीवाल्याच्या पावशेरावर संशय घेतात.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. आबा, मागच्या रविवारी मी तुम्हाला फोन केला होता. मी चार प्रश्न विचारले आणि तुम्ही चारही वेळा "बराबर" म्हणालात. त्यातला एक प्रश्न, जेवणात काय होतं, असा होता. दुसरा, कानाचं मशीन कानात आहे की कपाटात, असा होता. फोनवरचं ऐकू येत नाही हे तुम्ही मान्य करत नाही, आणि मला जे विचारायचं आहे ते "बराबर" या उत्तरात बसत नाही. (आजी म्हणते, ह्या माणसाला माझं बोलणं ऐकू येत नाही, पण शाळेतला घंटेचा रूळ वाजला की बिलकुल ऐकू येतो, आणि हातातला घास ताटात ठेवून घड्याळ बघतो. ते खरं असेल तर रुळाला तुमच्याशी फोनवर बोलायला लावलं पाहिजे.) दुसरं कारण, तुम्हीच मला शिकवलंत की महत्त्वाची गोष्ट आधी कागदावर मांडावी आणि मग तोंडाने बोलावी. गोष्ट महत्त्वाची आहे. तीस तारखेला माझे उमेदवारीचे सहा महिने संपतात, आणि मी नोकरीत पक्की होते की नाही हे तुमच्या १९८४-८५ सालच्या हजेरीच्या कॅटलॉगवर येऊन थांबलं आहे. घाबरू नका. मी घाबरले आहे, ते दोघांना पुरेल.

आता सुरुवातीपासून सांगते. तुम्ही तीर्थपुरीत सगळ्यांना सांगता की नात कंप्युटरला बाराखडी शिकवते. मागे बाजारच्या दिवशी तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला थांबवून विचारलं, कितवीपर्यंत आला कंप्युटर? मी म्हणाले, नापास होऊन राहिलाय. तर आबा, मी शिकवत नाही. शिकवणारे वेगळे, त्यांना डेव्हलपर म्हणतात. मी परीक्षा घेते. आमची कंपनी म्हणजे मोंढ्याजवळ एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर तीन खोल्या आणि अकरा माणसं. शाळांसाठी आम्ही एक प्रोग्राम करतो. मुलांची नावं कशीही भरली तरी त्याने ती अक्षरांच्या क्रमाने लावून द्यायची आणि हजेरीचे नंबर टाकायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण मशीनला अक्षर दिसत नाही, त्याला प्रत्येक अक्षराच्या जागी एक आकडा दिसतो. आणि तीच अक्षरं हिंदीवाले एका क्रमाने लावतात आणि आपण दुसऱ्या. आपल्यात क्ष आणि ज्ञ शेवटी, ह आणि ळ च्याही पुढे. हिंदीच्या कोशात क्ष हा क च्या घरात राहतो आणि ज्ञ हा ज च्या. म्हणून मशीनला आधी सांगावं लागतं की बाबा, तू आत्ता कोणत्या भाषेत आहेस. ते सांगितलंय का, आणि सांगितलेलं त्याने ऐकलंय का, हे तपासणं माझं काम. (सांगितलेलं ऐकलंय का हे तपासायची सवय मला तुमच्या घरातूनच आहे.)

तपासायला यादी लागते. आणि नुसती यादी चालत नाही, तिचा बरोबर क्रम आपल्याला आधीच माहीत असावा लागतो, म्हणजे मशीनचं उत्तर त्याच्याशी ताडून बघता येतं. कंपनीत आधी जी यादी होती तिच्यात "अबक", "कखग" आणि "टेस्ट टेस्ट" अशी तीन मुलं होती. मला ते बघवलं नाही. मला लगेच तुमची पत्र्याची पेटी आठवली. दिवाळीत मी तुमच्याकडून तो जुना कॅटलॉग मागून आणला, चौथीचा वर्ग, त्रेचाळीस मुलं, हे त्यासाठीच होतं. तुम्ही विचारलंत, कशाला पाहिजे? मी म्हणाले, ऑफिसात. तुम्ही म्हणालात, बराबर.

मला त्या कॅटलॉगवर किती विश्वास होता हे तुम्हाला सांगायला नको, पण पुढचं समजायला ते लागतं म्हणून लिहिते. मी तिसरीच्या वयाची होईपर्यंत शाळेत गेले नाही, तुमच्या ओसरीवर शिकले. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सांगितलं होतं की तुमच्या लहानपणी ज्या शाळेत तुम्ही जात होतात तिथे हजेरीत आधी गावातल्यांची नावं असायची, मग लाल शाईची एक रेघ, आणि रेघेखाली आपल्या वस्तीतली. तुम्ही हुशार असलात काय आणि ढ असलात काय, नाव रेघेखालीच. म्हणून मास्तर झाल्यावर तुम्ही ठरवलंत की आपल्या वर्गात नावं फक्त अक्षरांच्या क्रमाने लागतील. "अक्षर गल्ली विचारत नाही," असं तुम्ही म्हणायचात. मी पाच वर्षांची होते, मला वाटायचं अक्षरांना पत्ता शोधता येत नसेल. पण एवढं पक्कं डोक्यात बसलं की जगात कुठे काही चुकेल, आबांच्या हजेरीचा क्रम चुकणार नाही.

तर मी त्रेचाळीस नावं मशीनमध्ये भरली, आणि तोच क्रम "बरोबर उत्तर" म्हणून वेगळा ठेवला. टाइप करताना माझ्याकडून चूक नको म्हणून घरी पप्पांना समोर बसवून पूर्ण यादी वाचून दाखवली. मी वाचायचं, त्यांनी कॅटलॉगवर बोट ठेवून बघायचं. ते प्रत्येक नावाला नुसते हुंकार देत होते. शेवटचं नाव त्यांचंच होतं, राजानंद तातेराव. ते मी वाचलं आणि पप्पा म्हणाले, "हजर!" मला राग आला. मी म्हणाले, पप्पा, मस्करी नको, हे कंपनीचं काम आहे. ते म्हणाले, "बरं बाई," आणि हात धुवायला गेले. (हात आधीच धुतलेले होते. हे मला तेव्हा दिसलं होतं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. परीक्षा मशीनची चालू होती.)

पहिल्या दिवशी माझी फार वाहवा झाली. मशीन हिंदीवरच राहिलं होतं. क्षमा जाऊन कौसल्येच्या पाठीमागे उभी, आणि ज्ञानोबा थेट जिजाबाईच्या मागे. मी चूक नोंदवली. डेव्हलपर मार्तंड म्हणून आहे, शांत मुलगा आहे, सारखा चष्मा पुसतो. त्याने मशीनला मराठी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, आता बघ. मी बघितलं. तेरा नावं चुकलेली. एकतिसाव्या नंबरपासून त्रेचाळिसाव्यापर्यंत सगळी लाल. मी शोधत होते क्ष-ज्ञ ची चूक, क्ष आणि ज्ञ त्या तेरांमध्ये होतेच, म्हणून मी पुढे नावं वाचली नाहीत. मोजली फक्त. आणि लिहून टाकलं, चूक दुरुस्त झालेली नाही, उलट वाढली आहे, गंभीर. आबा, तुम्ही मला सातशे वेळा सांगितलंय की मोजण्याआधी वाच. मी मोजलं.

मार्तंडने एका ओळीत उत्तर दिलं की प्रोग्राम बरोबर आहे, यादी चुकली असेल. त्या एका ओळीला मी दोन पानांचं उत्तर लिहिलं. त्यात तुमची एकतीस वर्षांची नोकरी आली, ओसरी आली, तुम्हाला मिळालेला तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार आला (साल मी अंदाजाने लिहिलं, ते कळवावं, चुकलं असेल तर दुरुस्ती पाठवते), आणि शेवटी आवेशात मी असं लिहून गेले: "या यादीत क्रमाची एक जरी चूक निघाली, तर माझी नोकरी पक्की करण्यात येऊ नये." हे पत्र कंपनीच्या पद्धतीप्रमाणे आपोआप सगळ्या अकरा जणांना गेलं. खालच्या बियाण्याच्या दुकानाला कसं कळलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी जिना चढताना तिथला मुनीम म्हणाला, काय ताई, आबा काय म्हणतात?

चार दिवस असे गेले. मार्तंड रोज तपासायचा आणि म्हणायचा बरोबर आहे. मी रोज तपासायचे आणि तेराच्या तेरा लाल. आमच्यात भांडण झालं नाही, तो भांडत नाही. तो चष्मा पुसतो आणि हळू आवाजात म्हणतो, "तुझे आबा आणि माझा प्रोग्राम, दोघांतला एकच बरोबर असू शकतो गं." मी म्हणायचे, मग प्रोग्राम बघ. शहागडच्या एका शिक्षणसंस्थेला गुरुवारी प्रोग्राम दाखवायचा होता, तो माझ्यामुळे पुढे ढकलला. त्या संस्थेचे अण्णासाहेब फोनवर म्हणाले म्हणे, "मशीनपेक्षा आमचा शिपाई जल्दी नावं लावतो." या काळात माझं जेवण कमी झालं आणि आईने त्याचा संबंध माझ्या लग्नाच्या वयाशी लावला, ते वेगळंच प्रकरण आहे, त्यावर सविस्तर लिहीन तेव्हा लिहीन.

शेवटी शैला मॅडमनी, म्हणजे कंपनी ज्यांची आहे त्यांनी, आम्हा दोघांना बोलावलं. त्यांना फार बोलायची सवय नाही. त्या म्हणाल्या, मशीन बंद करा. त्रेचाळीस चिठ्ठ्या करा, हाताने लावा, माझ्यासमोर. आम्ही मोठ्या टेबलावर चिठ्ठ्या मांडल्या. वरून पंखा, तर चिठ्ठ्या उडायला लागल्या. पंखा बंद केला तर मॅडमना घाम येतो. मग खालच्या दुकानातून नमुन्याची पाकिटं आणली आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक ठेवलं. अण्णाभाऊवर सोयाबीन, कौसल्येवर तूर, विठ्ठलवर भेंडी, असा तुमचा सगळा वर्ग पेरून झाला. मी कॅटलॉगच्या क्रमाने लावत होते, मार्तंड समोर हाताची घडी घालून उभा. मी लावत होते म्हणजे कॅटलॉगवर बघून ठेवत होते. माझं डोकं चालू नव्हतं, विश्वास चालू होता.

तेवढ्यात झुंबरबाई चहा घेऊन आल्या. त्या ऑफिसात झाडलोट आणि चहा बघतात, आणि साक्षरतेच्या वर्गात पन्नाशीला वाचायला शिकल्यात, म्हणून त्यांच्यासमोर कागद आला की त्या मोठ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाहीत. टेबलावर कप ठेवायला जागा नव्हती. ट्रे हातात धरून त्या एकेक चिठ्ठी वाचत टेबलाच्या कडेने चालत गेल्या. सोनूबाई, सोमेश्वर, हरिभाऊ, क्षमा, ज्ञानोबा. आणि शेवटच्या चिठ्ठीपाशी थांबल्या.

"आन् ह्यो राजानंद इथं काय करून राह्यला?" त्या म्हणाल्या. "र चा हाये ना ह्यो? पोट्टं उशिरा आल्तं का शाळंला?"

मार्तंडने चष्मा काढला पण पुसला नाही. मी बघितलं. राजानंद. र. त्याची जागा एकतीस. तो तिथे नव्हता म्हणून रुक्मिण एकतीसवर सरकली होती, आणि तिच्या मागचे सगळे एकेक जागा पुढे. तेरा चुका नव्हत्याच, आबा. एकच होती. एक पोरगा आपल्या जागेवरून उठून मागे जाऊन बसला होता आणि त्याच्यामागची सगळी रांग हलली होती. मशीन चार दिवस तेच सांगत होतं. आणि तो पोरगा म्हणजे माझे पप्पा, ज्यांचं नाव मी शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर माझ्या नावापुढे लिहिलंय, ते र वर येतं हे मला टेबलावर भेंडीचं पाकीट ठेवलेलं असताना चहावाल्या बाईंकडून कळलं.

मी लगेच मॅडमना म्हणाले की मी लिहून दिलंय, एक जरी चूक निघाली तर पक्की करू नका, तर कृपया करू नका. मॅडम म्हणाल्या, बस खाली, चहा घे. मी बसले, चहा घेतला नाही. मग त्यांनी विचारलं, ही चूक आहे, हे तुला काय माहीत? मी म्हणाले, र हा ज्ञ च्या नंतर येत नाही. त्या म्हणाल्या, ते झालं अक्षराचं. तुझ्या आबांनी चुकून लिहिलं की मुद्दाम? चुकून लिहिलं असेल तर तुझा शब्द तुला लागू. मुद्दाम लिहिलं असेल तर ती चूक नव्हे, तो त्यांचा निर्णय, मग तुझा शब्द लागू होत नाही. तपासणारी आहेस ना, तपास. एवढं बोलून त्यांनी सोयाबीनचं पाकीट उचललं, बघितलं आणि घरी नेलं.

मग मी तपास केला, जसा करायला पाहिजे तसा. पप्पांचं नाव नंतर दाखल झाल्यामुळे शेवटी आलं असेल, अशी मला फार आशा होती. पण दाखल तारीख सगळ्यांची तीच, जूनची. शाई तीच. अक्षर तेच, ठळक आणि सरळ. भिंग घेऊन बघितलं तर खाडाखोड कुठेच नाही. म्हणजे लिहिताना हात थांबलेला नाही. यावरून चूक सिद्ध होत नाही आणि मुद्दाम हेही सिद्ध होत नाही.

संध्याकाळी पप्पांना विचारलं. ते भाजी निवडत होते. मी सगळं सांगितलं, टेबल, पाकिटं, झुंबरबाई. ते खूप हसले, पाकिटांवर जास्त. मग मी म्हणाले, पप्पा, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, "माहीत न्हाई कसं? वर्षभर त्रेचाळीस म्हनूनच हजेरी दिली की." मी विचारलं, मग मी यादी वाचत होते तेव्हा का बोलला नाहीत? तर म्हणाले, "आबाचा कॅटलॉग हाये तो. त्यात चूक मी काढू?" आणि मेथीची एक जुडी संपवून दुसरी घेतली. त्यानंतर जे सांगितलं ते भाजीकडे बघतच सांगितलं. तुमच्या वर्गात शनिवारी शाळा सुटायची घंटा, म्हणजे झाडाला टांगलेला तो रूळ, हजेरीच्या नंबराप्रमाणे एकेक मूल वाजवायचं. शनिवार आणि झेंड्याचे दिवस धरून त्या वर्षी बेचाळीस पाळ्या झाल्या. "बेचाळिसावी ज्ञानोबानं वाजवली. म्या पुढच्या शनवारसाठी हात बी धुवून ठिवले होते. मंग निकालच लागला." पुढच्या वर्षी ते मोठ्या शाळेत गेले. तुम्ही नवीन वर्ग पुन्हा एकपासून सुरू केलात.

एकतिसावा नंबर असता तर त्यांची पाळी फेब्रुवारीत आली असती. हे मी काढलं, ते बोलले नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं, मास्तरचा पोरगा, लोकांनी म्हणू नये की बापाने पुढे केला. पण तेही त्यांचा अंदाज म्हणून, कारण त्यांनी तुम्हाला कधी विचारलं नाही, आणि तुम्ही कधी सांगितलं नाही.

तर आबा, माझा प्रश्न एवढाच आहे. चुकून की मुद्दाम? मी तुम्हाला ओळखते, म्हणून दोन्ही उत्तरांची मला भीती वाटते. चुकून असेल तर माझा शब्द मला लागू होतो. मुद्दाम असेल तर माझी नोकरी पक्की. पण मग ज्या माणसाने लाल रेघ पुसली, त्याने स्वतःच्या पोराला नेमकं रेघेखालच्या जागी बसवलं, असं होतं. रेघ नाही, पण जागा तीच. तुम्ही ते सरळपणासाठी केलं असणार. मीही ते दोन पानांचं पत्र सरळपणासाठीच लिहिलं होतं, आणि त्याने चार दिवस एका चांगल्या प्रोग्रामला चुकीचं ठरवलं. हा गुण मला तुमच्याकडून आलाय की दोष, हे तुम्हीच ठरवा.

आजीला सांगा, मेथीचे लाडू मिळाले. डब्यात सतरा होते, चिठ्ठीवर अठरा लिहिलं होतं. मी काही म्हणत नाही, फक्त कळवते.

गोळी घ्या. उत्तराची वाट बघते.

तुमची,
अक्षता

ता.क. सोबत उत्तराचं पाकीट ठेवलं आहे, तिकीट लावून, पत्ता लिहून. आत एक कार्ड आहे. त्यावर "चुकून" आणि "मुद्दाम" असे दोन शब्द लिहिलेत, समोर चौकोन. योग्य चौकोनात फक्त खूण करावी. "बराबर" असं लिहू नये.

ता.क. २. (बुधवार) हे पत्र काल टाकायला गेले आणि पेटीपर्यंत जाऊन परत आले, कारण वरती एक गोष्ट मी लपवली आहे. मॅडमनी नोकरी पक्की केल्याचं पत्र मला त्या चिठ्ठ्यांच्या दिवशीच संध्याकाळी दिलं. म्हणाल्या, चार दिवस एका यादीसाठी लढणारी तपासनीस मला कुठं मिळायची, ते चुकून-मुद्दाम तुझं तू बघ. यादी मार्तंडने आणि मी अकरा मिनिटांत दुरुस्त केली. अण्णासाहेबांना सोमवारी प्रोग्राम दाखवला, त्यांनी आपल्या शाळेच्या यादीत स्वतःचं नाव आधी घालून बघितलं, ते पहिलं आलं, आणि ते खूश झाले. म्हणजे कंपनीला तुमच्या उत्तराची गरज नाही. नोकरीच्या त्या पत्रावर मात्र मी अजून सही केलेली नाही. शब्द मी कंपनीच्या कागदावर दिला असला तरी तो तुमच्या नावावर दिला होता. पप्पांना हे कळल्यावर ते म्हणाले, "लिहून टाक ना, चुकून झालं म्हनून. म्हाताऱ्याला काय विचारायचं आता?" आबा, त्यांनी चाळीस वर्षं तुम्हाला न विचारता सांभाळलंय, आता तुमच्यासाठी खोटंही लिहायला सांगतात. मला ते लिहिता येत नाही.

ता.क. ३. (शुक्रवार) पत्र पोस्टाने येत नाही, पप्पा आजच घेऊन येत आहेत. त्यांना वाटतंय ते लाडवाचा रिकामा डबा आणि तुमचा कॅटलॉग परत द्यायला येत आहेत. पाकीट चिकटवलेलं आहे आणि ते उघडणार नाहीत, तुमचंच रक्त आहे. उद्या शनिवार. शाळा साडेअकराला सुटते. मी तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंशी फोनवर बोलले आहे. रूळ तोच आहे, झाड तेच आहे, आणि उद्या घंटेची पाळी कुणाची ते त्यांनी रिकामं ठेवलंय. सव्वाअकराला पप्पांना घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत चला. कॅटलॉग बरोबर घ्या. कार्डावर खूण करायची गरज नाही, ते फाडून टाका. तुम्ही फक्त त्यांच्याकडे बघून "एकतीस" म्हणा. काय उत्तर द्यायचं ते त्यांना येतं, मी ऐकलेलं आहे. निघताना आजीच्या फोनवरून मला फोन लावून तो चालूच खिशात ठेवा. तुम्हाला माझं ऐकू येणार नाही, पण मला तिकडचं येईल. मी पेन उघडून बसलेली असेन. रूळ वाजला की सही करते.